तारमास्तरांची बारावी पत्रिका

बोला, ज्याच्या नावानं बसलेला घसासुद्धा मोकळा होतो, त्या रामरायाचा जयजयकार! आणखी जोरात! मागच्या खांबाला टेकलेले, तुम्ही पण. देव तुमच्याकडंही बघतोय.

हां. आता बसा सगळे.

मघाशी पूर्वरंगात एक प्रश्न तुमच्या पदरात टाकला, आणि तुम्ही माना डोलावल्यात. मान डोलवायला काय लागतं! तोच प्रश्न पुन्हा विचारतो. मंडळी, जपणं म्हणजे काय? एखादी वस्तू आपण जपली, असं कधी म्हणायचं? कुलूप लावलं म्हणजे? कापडात गुंडाळली म्हणजे? डांबराच्या गोळ्या टाकल्या म्हणजे? माझ्या आत्यानं लग्नातला शालू साठ वर्षं जपला. एकदा नेसली नाही! ती गेल्यावर आम्ही ट्रंक उघडली, तर शालू घडी-घडीवर चिरलेला. आता सांगा, तो शालू जपला का तिनं? बघा, कोणी बोलत नाही. पेटीवाले, तुम्हाला येतं उत्तर? नाही ना! मग सूर धरून ठेवा, आपण आख्यानालाच विचारू.

आख्यान पुराणातलं नाही. आजोबा, कपाळाला आठ्या घालू नका, पुराणातलं उद्या सांगतो. आज गोष्ट आपल्या नगरची. नगर आणि पलीकडचं भिंगार कॅम्प. चाळीसेक वर्षांपूर्वीची. ऐका!

नगरात त्र्यंबकराव मुळे नावाचे एक गृहस्थ होते. तारखात्यात पस्तीस वर्षं नोकरी केली, म्हणून गाव त्यांना म्हणायचं तारमास्तर. सरळ माणूस. सुपारीचं खांडसुद्धा तोंडात टाकलं नाही कधी. पण नाद एक! आणि नाद असा, की ऐकलात तर म्हणाल, बुवा थापा मारतोय. लोक तिकिटं जमवतात, नाणी जमवतात, कोणी काडेपेट्या जमवतो. तारमास्तर जमवायचे नाटकाच्या पत्रिका. जन्मपत्रिका नव्हे हो! नाटकाला गेल्यावर दारात हातात देतात ना, कोण काय काम करणार, कोणतं गाणं कधी, ती कार्यक्रमपत्रिका. बरं, नाटक तरी आपलं? नाही! राणी व्हिक्टोरियाच्या काळातली इंग्रजांची गाण्यांची नाटकं. हसवणारी, थट्टेची. विलायतेहून कंपन्या यायच्या, कॅम्पातल्या गोऱ्या साहेबांपुढं खेळ करायच्या, आणि बोटीत बसून निघून जायच्या. त्या खेळांच्या पत्रिका!

मास्तरांनी असं एक तरी नाटक पाहिलं होतं का? एकही नाही! मग हा नाद लागला कुठून? तर तरुणपणी कॅम्पातल्या एका बंगल्याचं सामान विकायला निघालं होतं, तिथं हे आरामखुर्ची घ्यायला गेले. खुर्ची दुसऱ्यानं नेली. खुर्चीवर पडलेलं कागदांचं पुडकं यांच्या हातात राहिलं. घरी येऊन सोडलं — आणि मास्तर गेलेच की हो! काय ती छपाई, काय त्या वेलबुट्ट्या! एक पत्रिका तर रेशमावर छापलेली. एकीला अत्तर लावलेलं, पन्नास वर्षांनीसुद्धा नाक जवळ नेलं तर हलकासा वास. त्या पुडक्यात एकाच कंपनीच्या, एकाच हिवाळ्यातल्या पत्रिका होत्या. साल अठराशे चौऱ्याण्णव. खेळ झाले बारा. पत्रिका होत्या अकरा.

बारावी नाही!

मंडळी, ज्याच्याकडं एकच असते तो सुखी. ज्याच्याकडं एकही नाही तो त्याहून सुखी. पण ज्याच्याकडं बारातल्या अकरा आहेत, त्याची झोप गेली म्हणून समजा. चाळीस वर्षं शोधली त्या माणसानं. मुंबईच्या रद्दीवाल्यांना पत्रं, पुण्याच्या जुन्या बाजारात खेपा. दरम्यान इकडून तिकडून इतर पत्रिका शे-दीडशे जमल्या. कपाट भरलं. कपाटाला कुलूप, किल्ली जानव्याला! बायको गोदूताई. तिनं कपाट झटकायला फडकं उचललं की हे ओरडायचे, "हात धुतलेत का?" आत काय आहे, ते तिला एकदा तरी सांगितलं का? छे! हिला काय कळतंय इंग्रजी नाटकातलं, असं मास्तरांचं मत. हसू नका. ज्यांचं मत तेच आहे ते सगळ्यांत जोरात हसले, मी पाहिलं इथून.

आणि मास्तरांचा एक नियम होता. पत्रिका कोरी हवी. म्हणजे छापलेली, पण वर दुसरं काही नको. नाव नको, डाग नको, रेघ नको. जमवणाऱ्या लोकांत ही मोठी प्रतिष्ठेची गोष्ट असते बरं का. आदल्या दिवशीचा पाव घ्यायचा, आतला मऊ गर काढायचा, त्याची गोळी करायची आणि कागदावर हलक्या हातानं फिरवायची. पेन्सिल निघून जाते, मळ निघून जातो, कागद तुळतुळीत. ह्या कामात मास्तरांचा हात धरणारा सबंध जिल्ह्यात नव्हता.

एका सोमवारी काय झालं, भिंगारला बेकरीत पाव घ्यायला गेले. बेकरीवाल्यानं सहज विचारलं, शिळाच पाव कशाला लागतो तुम्हाला? मास्तरांनी सांगितलं. तो म्हणाला, "असला एक कागद मी पाहिलाय. चर्चच्या मागं उमापबाई राहतात, मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या. त्यांच्या बायबलात ठेवलेला असतो."

पाव तिथंच राहिला की हो दुकानात! मास्तर निघाले. वय अडुसष्ट, आणि चाल बघा — धावतच!

रत्नमाला उमाप. वय एकोणऐंशी. बिनलग्नाची, एकटी, ताठ. मोतीबिंदूचं ऑपरेशन बिघडलेलं, उजेड आणि सावली एवढंच कळायचं. पण ओट्यावरचा डबा कुठं आहे ते तुमच्या-आमच्या आधी सांगणार. मास्तरांनी दारातूनच विचारलं. बाई म्हणाल्या, "आहे. पण कोणाला द्यायची नाही."

"देऊ नका. नुसती दाखवा."

बाईंनी बायबल काढलं, मधोमध उघडलं, कागद पुढं धरला. मास्तरांनी पाहिलं — आणि काय सांगू मंडळी! तोच छापखाना, तीच वेलबुट्टी! 'दीपगृहाची नवरी', तीन अंक, चौदा गाणी, मोसमाचा शेवटचा प्रयोग! बारावी! दीपगृहाचा राखणदार अंधाराला भितो, म्हणून लग्न करायला निघतो, असं ते नाटक. समुद्रातल्या सगळ्या बोटींना दिवा दाखवणारा, आणि स्वतः कंदील घेतल्याशिवाय जिना चढत नाही! मास्तरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. चाळीस वर्षं हो!

"बाई, रविवारी वाचनालयात माझ्या संग्रहाचं प्रदर्शन आहे. रविवारपुरती द्या. सोमवारी परत आणतो."

बाई म्हणाल्या, "जपाल?"

"जिवापाड."

"मग न्या. पण शनिवारी सकाळी एकदा इकडं घेऊन या. मला तिच्याशी काम आहे."

काय काम, ते विचारायला नको? पण विचारणार कोण? मास्तर जिना उतरलेसुद्धा होते! येताना बेकरीत विसरलेला पाव तेवढा आठवणीनं घेतला.

घरी आले, कुलूप काढलं, बारावी अकरांच्या शेजारी मांडली. काय दिसली म्हणता! पण एक खोट. चारी बाजूंच्या मोकळ्या कडांवर कोणीतरी पेन्सिलीनं गिचमिड केलेलं. बारीक, वाकडं, नव्वद वर्षांनी राखेसारखं झालेलं. अक्षरं मराठी होती, एवढं त्यांना दिसलं. वाचली का?

नाही वाचली, मंडळी! कोणत्या छापखान्याची ते वाचलं. लांबी-रुंदी पट्टीनं मोजली. सगळ्या नटांची नावं वहीत उतरवली. आणि माणसाच्या हातचं होतं तेवढं वाचलं नाही. पावाची गोळी केली, आणि फिरवली. एक कड, दुसरी कड, तिसरी, चौथी. लहान मुलाला न्हाऊ घालावं तशा मायेनं पुसलं हो! अर्ध्या तासात पत्रिका कोरी. मास्तर खुर्चीत मागं टेकले आणि स्वतःशीच म्हणाले, आता जपली.

शनिवार उजाडला. मास्तर नवा सदरा घालून बाईंकडं. बाईंनी चहा केला होता. समोर बसल्या, हात मांडीवर ठेवले आणि म्हणाल्या, "हं, वाचा."

"काय वाचू? नटांची नावं?"

"नावं कशाला? कडेला दादांनी लिहिलंय ते. माझे वडील, योहान उमाप. चर्चमध्ये फिडल वाजवायचे, आपलं व्हायोलिन. त्या नाटक कंपनीचा वाजवणारा तापानं पडला, म्हणून शेवटच्या खेळाला दादांना बोलावलं. आईला काही आत सोडेनात. ती तेव्हा अठरा वर्षांची, सगुणा तिचं नाव, पहिल्यांदा दिवस गेलेले. दादांनी तिला शब्द दिला होता, नाटक सगळं येऊन सांगतो म्हणून. म्हणून गाण्यागाण्याला लिहून ठेवलं. पुढं जन्मभर आई त्यावरूनच आम्हा भावंडांना नाटक सांगायची. दादा मी चार वर्षांची असताना गेले. त्यांचा फोटो नाही. आवाज मला आठवत नाही. त्यांचं म्हणून हे एवढंच आहे. डोळे गेल्यापासून पाच वर्षं मी ते ऐकलं नाही. वाचा."

तबलजी, थांबा जरा. इथं ठेका नको.

मंडळी, मास्तरांच्या हातात पत्रिका. कोरी, तुळतुळीत. समोर म्हातारी कान देऊन बसलेली. मास्तर म्हणाले, "बाई, मी... चष्मा विसरलो घरी. संध्याकाळी येतो."

नाकावर चष्मा होता हो! नाकावर चष्मा, आणि समोरच्या बाईला दिसत नाही म्हणून सांगितलं, चष्मा विसरलो! बाई नुसत्या म्हणाल्या, "या. मी आहेच."

घरी आले. जेवण नको म्हणाले. कागद घेतला, पेन्सिल घेतली. काय चाललं होतं मनात, सांगू? म्हातारीला दिसत नाही. काहीही रचलं आणि वाचलं तर तिला काय कळणार! 'पहिलं गाणं फार गोड झालं. दुसरं गाणंही गोड झालं.' चार ओळी लिहिल्याही हो! मग पेन्सिल थांबली. कारण मेलेल्या माणसाच्या तोंडी आपण आपली वाक्यं घालतोय, हे त्या सरळ माणसाला सहन होईना. टेबलावर डोकं ठेवून बसले.

गोदूताई दारात आल्या. "काय झालं?"

आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा तारमास्तरांनी आपल्या बायकोला कपाटातल्या कागदाबद्दल काही सांगितलं. सगळं सांगितलं. बाई, दादा, सगुणा, पाव, चष्मा, रचलेल्या चार ओळीसुद्धा. गोदूताई रागावल्या का? नाही. त्या म्हणाल्या, "द्या इकडं तो कागद."

मास्तरांच्या तोंडून सवयीनं निघालं, "हात..."

"धुतलेत. चाळीस वर्षं धुतेच आहे."

घ्या! आता बायका हसताहेत. हसा, तुमची वेळ आहे.

गोदूताई भरतकाम करायच्या. उशांचे अभ्रे, झबली. कापडावर नक्षी उतरवताना पेन्सिल उडून जाते, पण दाबलेली रेघ राहते, हे त्यांच्या बोटांना ठाऊक. पत्रिका घेऊन त्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेल्या. पाच वाजलेले, ऊन तिरपं आत येत होतं. कागद त्यांनी उन्हाला आडवा धरला. जरा खाली. जरा वर. आणि म्हणाल्या, "अहो, इकडं या. इथं उमटलंय."

मंडळी! योहान मांडीवर कागद धरून, घाईघाईत, दाबून लिहीत होता. पावानं पेन्सिलीची पूड नेली, पण दाब कसा नेणार? तिरप्या उन्हात प्रत्येक अक्षराच्या कडेला बारीक सावली पडली आणि एकेक ओळ वर येऊ लागली! गोदूताई वाचताहेत, मास्तर उतरवून घेताहेत, ऊन सरकतंय — लवकर, लवकर! ऊन ओट्याकडं निघालं की ह्या दोघांची वरात त्याच्या मागं! चौदा गाण्यांपैकी दहांच्या ओळी लागल्या. चार जागी मास्तरांनी जास्तच मायेनं पुसलं होतं. तिथं कागद सपाट.

आणि लिहिलं काय होतं? अहो, योहान बसला होता रंगमंचाच्या खाली, रंगमंचाकडं पाठ करून. नाटक त्याला दिसलंच नाही! दिसली ती नाटक बघणाऱ्यांची तोंडं. म्हणून त्यानं तेच लिहिलं.

धरा आता ठेका, चालू द्या!

दिवेलागणीच्या आत नवरा-बायको दोघं उमापबाईंच्या दारात हजर. मास्तर बसले नाहीत. उभ्या उभ्या म्हणाले, "बाई, सकाळी चष्मा माझ्या नाकावर होता. तुमच्या दादांचं अक्षर मी पुसलं. न वाचता पुसलं. कोरी करायची म्हणून."

बाईंनी हात मांडीवरून उचलला आणि खुर्चीचा दांडा घट्ट धरला. मग म्हणाल्या, "मास्तर, माफ केलं असं मी आज म्हणणार नाही. मला फार राग आलाय. कशाला आलात मग?"

गोदूताई म्हणाल्या, "दहा गाण्यांचं परत मिळालंय. वाचू का?"

बाईंनी मान हलवली. गोदूताईंनी वाचायला घेतलं. ऐका हं, योहानच्या शब्दांत.

"पहिले गाणे. लाल मिशीचा साहेब हसता हसता रडला. का ते कळले नाही."

"तिसरे गाणे. सगळे हसले. पिवळ्या झग्याची मड्डम एकटी हसली नाही. तिचे कोणी गेले असावे."

"सहावे. इथे मलाही हसू आले. इंग्रजी कळले नाही, पण सूरच गमतीचा आहे. सगुणेला वाजवून दाखवणे."

आठव्या गाण्याला गोदूताई थांबल्या. म्हणाल्या, "हे लागत नाही." तोच उमापबाई खुर्चीतून पुढं झुकल्या. "आठवं म्हणजे कंदिलाचं! आई सांगायची, तिथं एक म्हातारा साहेब झोपला होता, त्याची टोपी दादांच्या डोक्यावर पडली. दादांनी टोपी घालूनच वाजवलं!" आणि मंडळी, एकोणऐंशी वर्षांची ती बाई खदखदून हसली आणि ते गाणं गुणगुणायला लागली! अकराव्याचंही तिला असंच आठवलं. राहिली दोन, चौथं आणि नववं. खूप आठवून पाहिलं, नाही आलं. ती दोन गेली. कोणालाच परत आणता आली नाहीत. ते मास्तरांच्या पदरी राहिलं, जन्मभर.

आणि शेवटचं, चौदावं. "चौदावे गाणे. लोकांनी पुन्हा पुन्हा म्हणायला लावले, तीनदा. दुसऱ्या वेळी माझी तार तुटली. तीन तारांवर वाजवले. चूक होऊ दिली नाही. कोणाला कळले नाही. फक्त सगुणेला सांगणे."

उमापबाई म्हणाल्या, "मास्तर, पत्रिका आणलीत? पेन्सिल आहे? मग बसा, आणि जिथलं तिथं सगळं पुन्हा लिहा."

"मी? माझ्या अक्षरात?"

"दादांचं अक्षर तुम्ही नेलंत. आता तुमचं द्या."

काय मागितलं बघा! चाळीस वर्षं ज्या माणसानं कागदावर रेघ उमटू दिली नाही, त्याच्या हातानं, त्याच्या सर्वांत कोऱ्या पत्रिकेवर! मास्तरांनी लिहिलं. चार कडा भरून लिहिलं, आणि चौथ्या आणि नवव्या गाण्यापाशी लिहिलं, 'इथले मी पुसले. त्र्यंबक मुळे.'

दुसऱ्या दिवशी प्रदर्शन. बाकी सगळ्या पत्रिका काचेखाली. बारावी काचेखाली ठेवली नाही, बाईंनी ठेवू दिली नाही. गोदूताई हातात घेऊन उभ्या आणि येईल त्याला वाचून दाखवताहेत! लोक पिवळ्या मड्डमेसाठी हळहळले, टोपीला हसले, आणि तुटलेली तार पुन्हा पुन्हा वाचायला लावली. शेजारी खुर्चीत उमापबाई. प्रत्येक वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकत होत्या. सोमवारी पत्रिका परत बायबलात गेली. आणि त्या दिवसापासून मास्तर रोज संध्याकाळी कपाटातली एकेक पत्रिका काढून गोदूताईंना सांगायला लागले. गोदूताई मध्येच म्हणायच्या, "थांबा, हा नायक मूर्ख आहे का?" आणि मास्तरांना पहिल्यांदाच वाटायचं, खरंच की, आहे!

तर मंडळी, आलं का उत्तर? मास्तरांनी जपली ती वस्तू. सगुणेनं जपलं ते सांगणं. आणि सांगणं होतं म्हणूनच पुसल्यावरसुद्धा काही उरलं. आपल्या घरी पोथ्या आहेत, लाल कापडात बांधलेल्या. दसऱ्याला गंध लावतो, फूल वाहतो. आतलं काय कोणाला सांगितलंत? आजीनं तुम्हाला जे सांगितलं, ते तुम्ही पुढं कोणाला दिलंत? देवाला कोरा भक्त नको आहे हो. ज्याच्या कडा लिहून भरल्यात असा हवा आहे.

आता उठायच्या आधी एकच करा. तुमच्यापैकी प्रत्येकाच्या घरी आज कोणीतरी मागं राहिलंय. गुडघे दुखतात म्हणून, ताप आहे म्हणून, तुमच्यासाठी पोळ्या लाटायच्यात म्हणून. घरी जाल, आणि ते विचारतील, कसं झालं कीर्तन? तेव्हा 'छान झालं' म्हणून ताटावर बसू नका. खाली बसा, त्यांच्याजवळ. बुवा कुठं चुकला ते सांगा, कोण हसलं ते सांगा, शेजारचा कुठं डोळे पुसत होता ते सांगा. त्यांना इथं येता आलं नाही. तुम्ही गेल्याशिवाय हे त्यांच्यापर्यंत पोचणार नाही. जा आता, वाट बघताहेत ते.